डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट कसा उभा करावा: पुरवठादाराच्या कागदापासून लेबलापर्यंत

क्यूआर कोड छापणं हे डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टच्या, म्हणजे कोड स्कॅन करून पाहता येणाऱ्या वस्तूच्या ऑनलाइन नोंदीच्या, कामातलं जवळजवळ शेवटचं आणि सगळ्यात सोपं पाऊल. तरी बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते. कोड छापला जातो, त्यामागे एक वेबपान उभं राहतं, त्यावर ‘पर्यावरणपूरक’ अशा अर्थाची चार वाक्यं येतात. मग कोणी अधिकारी या बॅटरीतला कोबाल्ट कुठला असं विचारतो आणि उत्तराच्या शोधात पाच खात्यांत ईमेल फिरू लागतात.

पासपोर्टने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: ही वस्तू नेमकी कोणती, तिच्याबद्दलचं हे विधान कोणी केलं, आणि कशाच्या आधारावर केलं. पुढचा सगळा क्रम या तीन प्रश्नांवर बेतला आहे. उदाहरणासाठी ई-बाईकची बॅटरी घेतली आहे: ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास, ४० सेलचा पॅक. पासपोर्टची सक्ती सगळ्यात आधी बॅटरीवर येते आहे आणि पासपोर्टमधल्या जवळपास सगळ्या अडचणी तिच्यात भेटतात. कापडासारख्या वस्तूंचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कायदा आणि तारखा

युरोपीय संघाचे दोन कायदे इथे महत्त्वाचे. पहिला बॅटरी नियम, क्रमांक २०२३/१५४२. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तीन प्रकारच्या बॅटऱ्यांना पासपोर्ट लागेल: इलेक्ट्रिक गाड्यांच्या, २ किलोवॅट-तासांपेक्षा जास्त क्षमतेच्या औद्योगिक, आणि ई-बाईक, ई-स्कूटर यांसारख्या हलक्या वाहनांच्या. दुसरा कायदा शाश्वत उत्पादनांसाठीचा इकोडिझाइन नियम, क्रमांक २०२४/१७८१, जो १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. हा छत्रीसारखा आहे. प्रत्येक उत्पादनगटासाठी त्याखाली स्वतंत्र पूरक नियम यायचे असतात, आणि नियम आल्यानंतर साधारणपणे किमान १८ महिन्यांची सवड मिळते. एप्रिल २०२५ च्या कार्ययोजनेत या पूरक नियमांसाठी धरलेली वर्षं अशी: पोलाद २०२६, कपडे, टायर आणि ॲल्युमिनियम २०२७, फर्निचर २०२८, गाद्या २०२९. ही वर्षं नियम मंजूर होण्याची आहेत, पासपोर्टच्या सक्तीची नाहीत. नियोजनाच्या बैठकांमध्ये या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

वस्तू कुठे बनली याने फरक पडत नाही, ती युरोपीय संघाच्या बाजारात उतरते का एवढंच पाहिलं जातं. जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्याची, म्हणजे उत्पादकाची किंवा आयातदाराची. ते काम लेखी अधिकारपत्राने दुसऱ्या कोणाला सोपवता येतं. तुम्ही फक्त सेल किंवा सूत पुरवत असाल तर पासपोर्ट तुमच्या नावाने निघणार नाही, पण त्यातला अर्धा डेटा तुमच्याकडूनच मागितला जाईल.

पाऊल १: नोंद कोणत्या पातळीवर ठेवायची ते ठरवा

माहिती तीन पातळ्यांवर असू शकते: मॉडेल, बॅच आणि एकेक नग. हा निर्णय नंतर बदलणं फार महाग पडतं, कारण लेबल, उत्पादन ओळीवरचे स्कॅनर आणि डेटाबेस हे सगळं त्यावर ठरतं. बॅटरीच्या बाबतीत कायद्यानेच उत्तर दिलं आहे: मॉडेलची माहिती हवी आणि त्या एका बॅटरीचीही हवी. कपडे, पोलाद वगैरेंसाठी पातळी त्या त्या पूरक नियमात ठरेल.

रचना करताना मॉडेलची माहिती प्रत्येक नगाच्या नोंदीत उतरवू नका. ५०,००० नगांच्या नोंदींमध्ये एकच रासायनिक घटकांचा तक्ता चिकटवला, तर एका दुरुस्तीसाठी ५०,००० जागा शोधाव्या लागतील आणि काही हमखास सुटतील. मॉडेलची नोंद एकदाच ठेवा आणि नगाच्या नोंदीतून तिच्याकडे बोट दाखवा. मात्र हे बोट ‘मॉडेलच्या आजच्या नोंदीकडे’ नको, ‘मॉडेलच्या तिसऱ्या आवृत्तीकडे’ असं हवं. उद्या सेलचा पुरवठादार बदलला आणि चौथी आवृत्ती आली, तरी आधी विकलेल्या बॅटऱ्यांची माहिती जशी होती तशीच राहायला हवी. आवृत्ती न गोठवल्याने जुन्या वस्तूंचा इतिहास गुपचूप बदलतो, आणि हा दोष वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

पाऊल २: वस्तूला, कारखान्याला आणि कंपनीला ओळख द्या

तीन ओळखक्रमांक लागतात: वस्तूचा, ती जिथे बनली त्या ठिकाणाचा, आणि जबाबदार कंपनीचा. वस्तूचा क्रमांक आयएसओ/आयईसी १५४५९ या मानक मालिकेशी सुसंगत असावा अशी अपेक्षा आहे. सगळ्यात रुळलेला मार्ग जीएस१ या बारकोड क्रमांक देणाऱ्या जागतिक संस्थेचा: मॉडेलसाठी १४ अंकी जीटीआयएन, त्यापुढे नगाचा सिरियल नंबर, आणि ठिकाणासाठी १३ अंकी जीएलएन.

जीटीआयएनचा शेवटचा अंक हा पडताळा अंक असतो. आधीच्या १३ अंकांना डावीकडून ३, १, ३, १ असं आलटूनपालटून गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीतून ती वजा करायची. ०९५०६०००१३४३५ या अंकांची अशी बेरीज ७८ येते, म्हणून पडताळा अंक २. एक्सेलमध्ये हा क्रमांक ‘संख्या’ म्हणून साठवला की सुरुवातीचं शून्य गळून पडतं आणि दुवा तुटतो. हा रकाना पहिल्या दिवसापासून ‘मजकूर’ म्हणून ठेवा.

सिरियल नंबर ओळीने देण्याचा मोह टाळा. १०००१, १०००२ असे क्रमांक असले की कोणीही दुव्यातला आकडा बदलत जाऊन तुमचं वर्षाचं उत्पादन मोजू शकतो. दहा अक्षरांचा यादृच्छिक क्रमांक वापरा. त्यात शून्य आणि ओ, एक आणि आय असे एकमेकांसारखे दिसणारे अंक-अक्षर टाळा, कारण लेबल खराब झाल्यावर दुरुस्ती करणारा माणूस तो क्रमांक डोळ्यांनी वाचून टाईप करणार असतो. जीएस१ च्या रचनेत सिरियल नंबर जास्तीत जास्त २० चिन्हांचा असू शकतो.

बॅटरीत एक खास सापळा आहे. बीएमएस बोर्डाला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला) कारखान्यातून स्वतःचा क्रमांक मिळालेलाच असतो, त्यामुळे तोच पासपोर्टचा क्रमांक म्हणून वापरावासा वाटतो. वॉरंटीत बोर्ड बदलला की बॅटरीची ओळखच नाहीशी होते. क्रमांक पॅकचा असावा आणि बोर्ड, सेल, कवच हे त्याला जोडलेले सुटे भाग असावेत. कवच बदलावं लागलं तर जुनाच क्रमांक नव्या कवचावर पुन्हा कसा उमटवायचा आणि कोणाच्या सहीने, हेही आत्ताच लिहून ठेवा.

पाऊल ३: माहितीचा तक्ता

सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हा तक्ता हाताने तयार करा. प्रत्येक गुणधर्माला एक ओळ आणि नऊ रकाने: नाव, व्याख्या, एकक, पातळी (मॉडेल, बॅच की नग), पुराव्याचा दस्तऐवज, माहिती देणारा, ती तपासणारा, कोणाला दिसेल, आणि कधीपर्यंत वैध. शेवटचा रकाना बरेच जण वगळतात. मग दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं प्रमाणपत्र पासपोर्टवर झळकत राहतं.

बॅटरीसाठी काय भरायचं हे बॅटरी नियमाच्या तेराव्या परिशिष्टात दिलं आहे. सर्वांना दिसणाऱ्या भागात रसायनप्रकार, घातक पदार्थ, महत्त्वाचा कच्चा माल, कार्बन पाऊलखूण (वस्तूमागचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन), पुनर्वापरित घटकांचं प्रमाण, क्षमता, किमान, नाममात्र आणि कमाल व्होल्टेज, अपेक्षित आयुष्य, वॉरंटीचा काळ असे गुणधर्म येतात. सुटे भाग, पॅक उघडण्याचा क्रम, कॅथोड, अॅनोड आणि इलेक्ट्रोलाइटची तपशीलवार रचना ही माहिती दुरुस्ती आणि पुनर्वापर करणाऱ्यांसाठी असते. चाचणी अहवाल फक्त अधिकाऱ्यांसाठी.

व्याख्येच्या रकान्यात कंजुसी करू नका. ‘पुनर्वापरित घटक २० टक्के’ या वाक्याला काही अर्थ नाही. कशाचे २० टक्के? पॅकच्या वजनाचे, कवचातल्या प्लास्टिकचे, की सेलमधल्या कोबाल्टचे? बॅटरी नियमाला सक्रिय पदार्थांमधल्या कोबाल्ट, लिथियम आणि निकेलचं प्रमाण हवं असतं, प्रत्येक धातूचं वेगळं, आणि तेही मॉडेल, वर्ष आणि कारखाना यांनुसार. शिशाचा आकडा बॅटरीत असलेल्या एकूण शिशावर काढायचा असतो. कवचात ५० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक असेल तर ती चांगली गोष्ट आहे, पण ती या रकान्यात येत नाही.

घातक पदार्थांबाबतही छेद कोणता हे महत्त्वाचं. युरोपच्या रसायनांविषयीच्या रीच नियमात अतिचिंताजनक पदार्थांसाठी वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की ही टक्केवारी उत्पादनातल्या प्रत्येक घटकवस्तूवर मोजायची, पूर्ण उत्पादनावर नाही. ८०० ग्रॅमच्या जॅकेटच्या चेनची खेचणी ४ ग्रॅमची आहे आणि तीत असा पदार्थ २० मिलिग्रॅम आहे समजा. जॅकेटवर मोजलं तर ०.००२५ टक्के, म्हणजे काही नाही. खेचणीवर मोजलं तर ०.५ टक्के, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. पुरवठादाराचं ‘मर्यादेच्या आत’ हे उत्तर कोणत्या छेदावर दिलंय, हे विचारल्याशिवाय स्वीकारू नका.

पाऊल ४: पुरवठादारांकडून माहिती मिळवणं

वेळ आणि पैसा खरा इथे जातो. एक मोठी प्रश्नावली सगळ्यांना पाठवण्याची पद्धत फसते, कारण स्क्रू पुरवणाऱ्याला कोबाल्टचे प्रश्न जातात आणि सेल पुरवणारा कंटाळून सगळीकडे ‘लागू नाही’ भरतो. आधी पॅकचा घटकनिहाय वजनतक्ता मांडा. आपल्या उदाहरणात तो असा धरू: सेल ४० नग, प्रत्येकी ४८ ग्रॅम, म्हणजे १,९२० ग्रॅम, कवच ४५० ग्रॅम, वायर आणि निकेलपट्ट्या १४० ग्रॅम, सेल धरणाऱ्या जाळ्या १२० ग्रॅम, बीएमएस बोर्ड ९० ग्रॅम, फोम, गोंद, स्क्रू ८० ग्रॅम. एकूण २,८०० ग्रॅम. तयार पॅक काट्यावर ठेवा. काटा २,८०० च्या आसपास दाखवत नसेल तर घटकांची यादीच अपुरी आहे, आणि पुढे काहीही मोजण्यात अर्थ नाही. ही तपासणी दहा मिनिटांची असते, आणि तीत सापडलेली चूक नंतर महिनाभराचं काम वाचवते.

यादीकडे पाहिलं की दिसतं: वजनाचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग एका पुरवठादाराकडून येतो. जोर तिथे लावा. बीएमएस बोर्ड वजनाने किरकोळ, पण घातक पदार्थ आणि कार्बन या दोन्ही बाबतींत जड, म्हणून तो दुसऱ्या क्रमांकावर. गोंद आणि फोमसाठी सुरक्षा माहितीपत्रक आणि पदार्थांची घोषणा पुरते.

प्रत्येक विधानासोबत पुरावा मागा आणि पुराव्यावर चार गोष्टी तपासा: तारीख, कारखान्याचं ठिकाण, कोणत्या लॉटला लागू, आणि कोणती चाचणीपद्धत. कंपनीचं नाव बरोबर पण कारखाना दुसराच, असं फार वेळा निघतं. कापडाच्या व्यवसायात याचं एक ठरलेलं रूप आहे. व्याप्ती प्रमाणपत्र फक्त सांगतं की हा कारखाना प्रमाणित माल बनवू शकतो. अमुक खेपेतला अमुक किलो माल खरोखर प्रमाणित आहे, हे व्यवहार प्रमाणपत्र सांगतं. पासपोर्टसाठी दुसरं लागतं, पुरवठादार पाठवतात पहिलं.

धातूंच्या हिशोबात क्षार आणि धातू यांची गल्लत पाहा. कोबाल्ट सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये कोबाल्ट वजनाने साधारण २१ टक्के असतो, लिथियम कार्बोनेटमध्ये लिथियम सुमारे १८.८ टक्के. म्हणजे १,००० किलो कोबाल्ट सल्फेट म्हणजे २१० किलो कोबाल्ट. एक खरेदी क्षाराच्या वजनात आणि दुसरी धातूच्या वजनात धरून टक्केवारी काढली तर उत्तर कित्येक पटींनी चुकतं. सगळे आकडे आधी शुद्ध धातूच्या वजनात आणा.

पुनर्वापरित माल आणि नवा माल एकाच भट्टीत किंवा टाकीत मिसळत असतील, तर हिशोब कोणत्या पद्धतीने ठेवला तेही विचारा. आयएसओ २२०९५ या २०२० च्या मानकात याचे पाच नमुने आहेत: ओळख जपलेला, वेगळा ठेवलेला, नियंत्रित मिश्रण, वस्तुमान समतोल, आणि फक्त नोंदीने दावा. पहिल्या दोनमध्ये तो माल तुमच्या वस्तूत प्रत्यक्ष असतो. वस्तुमान समतोलात तो असेलच असं नाही, कारखान्याच्या एकूण खात्यात मात्र तो असतो. दोन्ही पद्धती मान्य असू शकतात, पण पासपोर्टवर पद्धतीचं नाव न देता नुसती टक्केवारी लिहिणं ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे.

कोणी व्यापारी गुपित म्हणून अचूक रचना द्यायला तयार नसेल तर सरळ नकार समजू नका. तीन मध्यममार्ग चालतात: अचूक आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला देणं (नियम अचूक आकडा मागत नसेल तर), त्रयस्थ प्रयोगशाळेने तपासून फक्त निष्कर्ष देणं, किंवा पुरवठादाराने डिजिटल सहीचं विधान देऊन मूळ कागद स्वतःकडे ठेवणं. तिसऱ्यासाठी डब्ल्यूथ्रीसी या वेब मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं पडताळणीयोग्य प्रमाणपत्रांचं मानक उपयोगी आहे. ब्लॉकचेन मात्र कोणी अनिवार्य म्हणून गळ्यात मारत असेल तर थांबा. कायदा तशी अट घालत नाही, आणि चुकीचा आकडा ब्लॉकचेनवर चढवला तर तो चुकीचाच राहतो, फक्त खोडता येत नाही.

पाऊल ५: उत्पादन ओळीवर साखळी जोडा

सेलचा लॉट क्रमांक आणि पॅकचा सिरियल नंबर यांची गाठ जोडणीच्या टेबलावरच पडायला हवी. नंतर गोदामातल्या आवकजावक नोंदींवरून अंदाज बांधणं म्हणजे पासपोर्ट नव्हे. सेलची पेटी उघडताना तिचा लॉट स्कॅन करायचा, पॅक बंद होताना सिरियल स्कॅन करायचा, आणि त्या दरम्यान वापरात असलेले लॉट त्या पॅकला जोडायचे. पेटी अर्ध्यात संपून दुसरी उघडली तर त्या पॅकमध्ये दोन लॉट असतात, म्हणून लॉटचा रकाना एकच मूल्य घेणारा ठेवू नका. अशा घटनांची नोंद ठेवण्यासाठी ईपीसीआयएस हे मानक आहे. ‘हे आत गेलं, त्यातून हे बाहेर आलं’ अशी रूपांतराची घटना त्यात थेट लिहिता येते.

आठवड्यातून एकदा उलटा हिशोब करा. १,००० पॅक बाहेर पडले असतील तर ४०,००० सेल खर्ची पडायला हवेत, अधिक नोंदलेले बाद सेल. फरक त्याहून मोठा असेल तर कुठेतरी स्कॅन चुकतोय.

पाऊल ६: कार्बनचा आकडा

बॅटरीची कार्बन पाऊलखूण प्रत्येक बॅटरीमागे सांगत नाहीत. आयुष्यभरात ती जी एकूण ऊर्जा देईल, तिच्या दर किलोवॅट-तासामागे सांगतात. त्यामुळे छेद फार संवेदनशील आहे. आपला पॅक ०.५०४ किलोवॅट-तासांचा. ५०० चार्ज चक्रं आणि आयुष्यभरातली सरासरी क्षमता ९० टक्के धरली तर एकूण ऊर्जा २२६.८ किलोवॅट-तास. कच्चा माल ते विल्हेवाट, वापराचा टप्पा वगळून, एकूण उत्सर्जन उदाहरणापुरतं ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं धरलं तर उत्तर येतं दर किलोवॅट-तासाला सुमारे १७६ ग्रॅम. चक्रं १,००० लिहिली की तोच आकडा ८८ ग्रॅम होतो. कारखान्यात काहीही सुधारणा न होता पाऊलखूण अर्धी झाली. म्हणून चक्रांच्या आकड्याला चाचणी अहवाल जोडलेला असलाच पाहिजे, आणि तोच आकडा अपेक्षित आयुष्याच्या रकान्यातही असला पाहिजे. या दोन जागी दोन वेगळे आकडे दिसले की कसलेला तपासनीस बाकीचं काही न वाचता तिथेच बोट ठेवतो.

प्रत्यक्ष मोजलेला डेटा कुठे आणि डेटाबेसमधला सरासरी आकडा कुठे, हेही ओळीओळीने वेगळं दाखवा. वीज, कॅथोडचा कच्चा माल आणि सेल निर्मिती यांत सरासरी आकडे वापरून मिळणारं उत्तर तुमच्या पुरवठादाराबद्दल फार काही सांगत नाही.

पाऊल ७: कोणाला काय दिसणार

एकच दुवा, पण उघडणाऱ्यानुसार वेगळा मजकूर. ग्राहकाला लॉगिन न करता, पैसे न देता, ॲप न उतरवता सार्वजनिक भाग दिसायला हवा. दुरुस्ती करणारा आणि पुनर्वापर करणारा आपली भूमिका सिद्ध करून पुढचा भाग पाहील. अधिकारी त्याच्याही पुढचा. हक्क प्रत्येक गुणधर्मावर लावा, पूर्ण पानावर नाही, नाहीतर एका गुपितासाठी अख्खं पान बंद ठेवावं लागतं.

माहिती यंत्राला वाचता येईल अशी हवी. पीडीएफ जोडून चालणार नाही. पासपोर्टचा गाभा जेसन-एलडीसारख्या मोकळ्या, रचनाबद्ध स्वरूपात ठेवा आणि माणसासाठीचं पान त्यातूनच तयार होऊ द्या. दोन्ही वेगवेगळे लिहिले तर महिन्याभरात त्यांच्यात तफावत पडते.

ग्राहकाची वैयक्तिक माहिती त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय पासपोर्टमध्ये येता कामा नये. ई-बाईक इंटरनेटला जोडलेली असेल तर बॅटरीसोबत फेऱ्यांची ठिकाणं आणि वेळाही नोंदल्या जात असतात. चार्ज चक्रांची संख्या पासपोर्टमध्ये जाईल, फेऱ्यांचा नकाशा नाही. सर्व्हरवर हे दोन साठे मुळातच वेगळे ठेवा.

पाऊल ८: दुवा, सर्व्हर आणि प्रत

कोडमध्ये जाणारा दुवा तुमच्या मालकीच्या डोमेनवरच हवा. दुवा छोटा करून देणाऱ्या सेवा आणि मासिक वर्गणीवर चालणारे ‘बदलते’ क्यूआर कोड इथे घातक आहेत: वर्गणी थांबली की बाजारातल्या सगळ्या बॅटऱ्या मुक्या होतात. मुख्य संकेतस्थळाचा पत्ताही वापरू नका, कारण संकेतस्थळाची पुनर्रचना विपणन विभाग दर काही वर्षांनी करतोच. पासपोर्टसाठी स्वतंत्र उपडोमेन घ्या आणि तिथे फक्त क्रमांक घेऊन योग्य ठिकाणी पाठवणारी छोटी सेवा चालवा. माहिती कुठेही हलली तरी छापलेला दुवा बदलत नाही.

इकोडिझाइन नियमानुसार पासपोर्टची राखीव प्रत त्रयस्थ सेवा पुरवठादाराकडे ठेवावी लागते. कंपनी बंद पडली तरी पासपोर्ट उघडला पाहिजे, हा त्यामागचा विचार. सेवा निवडताना एकच व्यावहारिक चाचणी घ्या: करार करण्याआधी नमुन्याचे १०० पासपोर्ट त्यांच्याकडून मोकळ्या स्वरूपात बाहेर काढून मागा आणि दुसऱ्या प्रणालीत उघडून पाहा. तिथे अडखळले तर पुढे सुटका नाही.

युरोपीय आयोगाची मध्यवर्ती नोंदवही उभी राहण्यासाठी कायद्यात १९ जुलै २०२६ ही मुदत आहे. तिच्यात संपूर्ण पासपोर्ट जात नाही, ओळखक्रमांक जातात, आणि बदल्यात नोंदणी क्रमांक मिळतो. कस्टम्सला हा क्रमांक तपासता यावा अशी योजना आहे, तेव्हा माल निघण्याआधी नोंदणी पूर्ण होईल असा क्रम तुमच्या पाठवणी प्रक्रियेत आत्ताच बसवा.

पाऊल ९: कोड छापणं

बॅटरीवर क्यूआर कोडच हवा, आयएसओ/आयईसी १८००४ नुसार, ठळक आणि न पुसला जाणारा. आकाराचं गणित सोपं आहे. समजा दुव्याची सुरुवात ८ चिन्हांची, डोमेन १४, जीटीआयएन आणि सिरियलच्या आधीच्या खुणा ४ आणि ४, जीटीआयएन १४, सिरियल १०: एकूण ५४ चिन्हं. मध्यम दुरुस्तीक्षमतेत (म्हणजे कोडचा साधारण १५ टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो) ती ३३ बाय ३३ चौकटींच्या कोडमध्ये मावतात. २५ टक्के दुरुस्तीक्षमतेसाठी ३७ बाय ३७ लागतात. चारही बाजूंना ४ चौकटींची कोरी जागा सोडायची, म्हणजे ४५ चौकटी. प्रत्येक चौकट ०.४ मिलिमीटर ठेवली तर कोडला १८ मिलिमीटर बाजूची जागा लागते. ई-बाईकची बॅटरी आदळते, चिखलात जाते, धुतली जाते, म्हणून २५ टक्क्यांचा पर्यायच घ्यावा. लांबलचक डोमेनचं नाव इथे महागात पडतं.

बिघाड कुठे होतो ते आधी माहीत असलेलं बरं. कोरी जागा डिझायनर सजावटीने भरून टाकतो. चकचकीत लॅमिनेशनमुळे कॅमेऱ्याला प्रकाशाचा डाग दिसतो. गोल कवचावर कोडच्या कडा वळतात. काळ्या प्लास्टिकवर लेझर बहुधा फिकी खूण उमटवतो, त्यामुळे कोड उलटा होतो, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर फिका, आणि काही स्कॅनर तो वाचत नाहीत. तिथे लेझरच्या सेटिंगमध्ये नमुना उलटवा आणि कोरी जागासुद्धा लेझरने फिकी करून घ्या. छपाईची गुणवत्ता आयएसओ/आयईसी १५४१५ नुसार ४ ते ० अशी मोजतात. १.५ ही खालची हद्द समजा आणि कारखान्यातून बाहेर पडताना ३ च्या आसपास ठेवा, म्हणजे झीज सोसायला जागा राहते. कोडशेजारी सिरियल नंबर वाचता येईल अशा अक्षरांतही छापा.

प्रत्येक पाळीत पहिला आणि शेवटचा नग साध्या मोबाईलने स्कॅन करा, आणि उघडलेल्या पानावरचा सिरियल लेबलवरच्या सिरियलशी जुळतो का ते डोळ्यांनी पाहा. लेबलचा रोल एका नगाने सरकला की कोड उत्तम वाचला जातो, पासपोर्ट मात्र शेजारच्या बॅटरीचा उघडतो.

विक्रेत्यांना आणि ऑनलाइन बाजारांना कोडची डिजिटल प्रत किंवा ओळखक्रमांक मोफत द्यायचा असतो, त्यांनी मागितल्यापासून जास्तीत जास्त पाच कामकाजाच्या दिवसांत. ग्राहकाला पासपोर्ट खरेदीआधी पाहता यावा, म्हणून हे आहे.

विक्रीनंतर

बॅटरीचा पासपोर्ट विक्रीनंतरही बदलत राहतो. आरोग्यस्थिती, चार्ज चक्रं, अपघातासारख्या घटना, आणि ती मूळ आहे, पुन्हा वापरलेली आहे की टाकाऊ झाली आहे, ही स्थिती त्यात येते. इंटरनेट जोडणी नसलेल्या बॅटरीत ही नोंद कधी होणार ते ठरवा. दुरुस्ती केंद्रात बीएमएस वाचताना ती करणं सगळ्यात वास्तववादी आहे. प्रत्येक नोंदीला तारीख आणि नोंद करणाऱ्याची ओळख जोडा, आणि जुनी मूल्यं खोडू नका.

कोणी जुन्या ई-बाईक बॅटऱ्यांमधून घरगुती साठवणीचा संच बनवला तर तिथून जबाबदारी त्याची. तो नवा पासपोर्ट काढतो आणि त्यात मूळ पासपोर्टांचे दुवे ठेवतो. म्हणून तुमचा दुवा तुमच्या वॉरंटीपेक्षा बराच जास्त काळ जिवंत राहील असं धरून डोमेनचं नूतनीकरण, राखीव प्रत आणि त्यासाठीचा खर्च आखा. बॅटरी टाकाऊ झाली की जबाबदारी पुन्हा सरकते, आणि तिचा पुनर्वापर झाल्यावर पासपोर्ट संपतो. पुनर्वापर केंद्राकडून आलेल्या त्या शेवटच्या सिरियलच्या यादीशी आपल्या नोंदी जुळवून पाहा. ज्यांची विक्रीची नोंदच नाही असे सिरियल तिथे दिसले, तर लेबलांची नक्कल होते आहे किंवा उत्पादन ओळीवरचा स्कॅन कुठेतरी निसटतो आहे.